मामांची दोन माणसांची गाडी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात दोन गोष्टी घरात कुणाला न विचारता केल्या. एक, मला जावई करून घेतलं. दुसरी, लाल रंगाची, छप्पर नसलेली, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स गाडी घेतली. पहिल्या गोष्टीबद्दल सासूबाईंचं मत काय होतं ते विचारायचं मी आजवर टाळलं आहे. दुसऱ्याबद्दलचं त्यांनी त्याच दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं.

"घरात माणसं अकरा. गाडीत बसनार दोन. बाकीच्यांनी काय मागनं पळायचं?"

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी मूळचा नगरकडचा. पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळायचं काम मला मिळालं होतं, आणि रहाटणीची मुलगी. सासुरवाडी पवनेच्या पलीकडे, ज्वारीच्या रानात. हमरस्त्याकडची त्यांची थोडी जमीन एका कारखान्यात गेली होती. तिथे मशिनरी बसवायला आलेला एक गोरा इंजिनियर मायदेशी निघाला, म्हणून सामान विकत होता. मामा गेले होते कपाट बघायला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी; बायको वडलांना अप्पा म्हणायची. मामांना गाडी चालवता येत नव्हती. साहेबाच्या ड्रायव्हरने ती फरशीच्या पुलावरून नदी ओलांडून दारापर्यंत आणून दिली, चहा घेतला आणि तो जो गेला तो पुन्हा दिसला नाही. त्या रविवारी मी आणि बायको गेलो, तर मामांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"पावणं, तुमी मशीनवालं. आता हिचं काय दुखलं-खुपलं ते तुमी बघायचं."

"मामा, मी पंपाचा फिटर आहे."

"मग ह्यात काय न्हाई का पंप?"

होता. पेट्रोलचा होता, पाण्याचा होता, तेलाचाही होता. मी किल्ली खिशात टाकली; कारखान्याच्या ट्रकवर गाडी चालवायला मी शिकलो होतो.

सीटखाली गाडीचं इंग्रजी पुस्तक सापडलं. मला इंग्रजी बेताचं येत होतं, पण आकडे आणि चित्रं कळत होती. ते पुस्तक मी घरी आणलं आणि लोक पोथी वाचतात तसं वाचू लागलो. हात धुऊन बसायचो. बायको म्हणाली, "उदबत्ती लावू का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माझी मतं तयार होत होती. तेल कितव्या मैलाला बदलायचं, प्लगमध्ये किती फट ठेवायची, चाकात हवा किती, सगळं त्यात लिहिलेलं होतं. आणि जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, हे माझं मी ठरवलं. बनवणाऱ्याने विचार करून गाडी बनवली आहे, तिच्यात कुणी बोट घालू नये. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे इतक्या वेळा सांगितलं की लोक डबे उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायला लागले.

मामांची मतं वेगळी होती, आणि गाडी त्यांची होती.

पहिला वाद पोटावरून झाला. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. आमचा रस्ता बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा, दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंचवटा. गाडी त्या उंचवट्यावर अशी बसायची की चारही चाकं नुसती शोभेला. दोन वेळा आम्हाला लोकांनी उचलून काढलं. मामा म्हणाले, "ती वर घ्या."

मी पुस्तक उघडून चित्र दाखवलं. गाडी जितकी खाली, तितकी वळणावर घट्ट राहते, उंच केली तर तोल जातो, असं सांगून पाहिलं.

"वळनं कुठं हायती आपल्याकडं?" मामा म्हणाले. "ज्यानं ही बनवली त्यानं रहाटणीचा रस्ता बघितला व्हता का?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मामांनी गावातल्या लोहाराला बोलावलं. त्याने गाडीखाली वाकून बघितलं, स्प्रिंगांचे पाटे बोटांनी मोजले आणि जुन्या मिलिटरी ट्रकच्या पाट्यांतून कापून प्रत्येक चाकाला दोन-दोन पाटे जास्त बसवले. गाडी उठून उभी राहिली ती बकरीसारखी. मी अंगणात पाठ फिरवून उभा होतो. मला खरोखर वाईट वाटत होतं. त्याच संध्याकाळी आम्ही चाकोरीतून न अडकता पिंपरीपर्यंत गेलो आणि आलो, त्याचं तर जास्तच वाईट वाटलं.

मग मामांनी पुढे रबरी फुग्याचा भोंगा लावला, कारण मूळचा भोंगा बैलांना ऐकू येत नव्हता. दसऱ्याला गाडीच्या नाकावर झेंडूचा हार असा बांधला की हवा जायची जाळीच बंद. रेडिएटरला उकळी फुटली. चाकाखाली ठेवलेलं लिंबू चिरडलं गेलं, पण ते कशासाठी चिरडलं हे कुणाला सांगता आलं नाही. मी देवाधर्माविरुद्ध नाही, फक्त त्याने जाळीवर बसू नये.

पुढचा वाद मात्र मी जिंकायचा असं ठरवून बसलो होतो. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे कार्बोरेटर दोन होते. मामांना कुणीतरी सांगितलं की एक बंद केला तर पेट्रोल निम्मं लागेल.

"मामा, माणसाला नाकपुड्या दोन असतात. एक बुजवली तर निम्मं खाल्लेलं पुरतं का?"

मामा विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो. पण गाडी तेव्हा खरंच खूप पेट्रोल पीत होती आणि उभ्या जागी थरथरत होती. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढत नव्हते, हे मला कळत होतं. पुस्तकात उपाय होता. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दोन्हीकडचा फुसकारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मी तीन रविवार फिरवत होतो. कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून माझा कान केव्हाच गेला होता, पण हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

तिसऱ्या रविवारी मामी ओट्यावर धान्य पाखडत होत्या. मध्येच सूप ठेवून म्हणाल्या, "पावणं, तुमच्याकडंचं जास्त वढतंय. पलीकडंचं दबलंय."

मी नम्रपणे हसलो. सासूबाई होत्या, दुसरं काय करणार?

त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या हातातली नळी घेतली आणि कानाला लावली. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. "ह्याला कमी करा. आनखी. थांबा. आता पलीकडं थोडं सोडा." मी स्क्रू फिरवत गेलो. पाचव्या मिनिटाला इंजिनाची थरथर गेली आणि ते असं शांत चालू लागलं की मामा घरातून बाहेर आले, बंद पडलं की काय बघायला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यात काय कळायचंय? म्हशीला धाप लागली तर कळत न्हाई व्हय?" आणि त्या परत सुपाकडे गेल्या.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे पुस्तक मिटलं असतं. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. गाडीतला जाणकार मी, आणि माझ्याकडून जे झालं नाही ते सासूने पाखडता पाखडता करून दाखवलं. मला काहीतरी मोठं करायचं होतं. आणि मी, ज्याने सहा महिने सगळ्यांना बजावलं होतं की गाडीत बोट घालू नका, तो हात घालून बसलो.

इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, खालून थोडं घासून पातळ केलं की आतला दाब वाढतो आणि गाडी जास्त जोराने पळते, असं कारखान्यातला लेथवरचा एक टर्नर छातीठोकपणे सांगायचा. त्याच्याकडे सायकल होती. त्याचं ऐकून मी हेड उतरवलं, पिशवीत घालून पुण्याला नेलं आणि एका वर्कशॉपमधून घासून आणलं. मामांना सांगितलं, साफ करायला नेलं होतं. बायकोला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अप्पांना कळलं तर मी माहेरच्या बाजूची हं."

गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. भोसरीच्या पुढे सरळ रस्त्यावर मामांचा फेटा सुटला आणि मागे निशाणासारखा उडायला लागला. मामांनी तो धरला नाही, दोन्ही हातांनी गाडी धरली होती. फक्त चढाला इंजिनातून टकटक आवाज यायचा, डब्यात खडे हलवल्यासारखा. त्या वेळचं पेट्रोल एवढ्या दाबाला पुरत नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी भोंगा वाजवत होतो.

माघात चाकणला मामांच्या जुन्या मित्राच्या मुलाचं लग्न होतं. मामांना मानाचं आमंत्रण होतं, आणि त्यांना गाडीतून उतरायचं होतं. नवा कोट, नवा फेटा. आम्ही दोघं गाडीत निघालो आणि घरातले बाकीचे पहाटेच बैलगाडीने पुढे गेले होते. मोशीचा उतार उतरून इंद्रायणी ओलांडली, पलीकडचा चढ घेतला, आणि पाव मैलावर बंदुकीसारखा आवाज झाला. पांढरी वाफ वर आली. हेड आणि इंजिन यांच्यामधलं पातळ गॅस्केट फाटलं होतं. दाब सहन न होऊन पाणी एकीकडून आणि तेल दुसरीकडून निघालं होतं. मामांच्या कोटावर दोन्ही होतं.

आम्ही रस्त्याकडेला बसलो. मामांनी रुमालाने कोट पुसून पाहिला. मग म्हणाले, "पावणं, खरं सांगा. हे आपोआप झालंय का कुनी केलंय?"

मी सांगितलं. पिशवी, वर्कशॉप, टर्नर, सगळं.

"म्हंजी मी पाटा घातला की तुमी तोंड फिरवायचं, आन् तुमी तिचं टकुरं घासायचं," मामा म्हणाले. ते चिडले नव्हते, आणि तेच मला जड गेलं. "का वो?"

"मामींनी कार्बोरेटर लावला म्हणून," मी म्हणालो. इतकं लाजिरवाणं वाक्य मी त्याआधी बोललो नव्हतो.

मामा हसायला लागले. आधी पोटात, मग मोठ्याने, फेटा काढून मांडीवर ठेवून. "आरं देवा," म्हणाले, "बत्तीस वर्सं मी ह्याच दुखन्यात हाय."

चाकणला कांदे पोचवून परतणारी एक रिकामी बैलगाडी भेटली. तिला दोर बांधून आम्ही उलट दिशेने घरी निघालो. मामा मागे लाल गाडीत बसून राहिले, वाटेत भेटणाऱ्यांचे रामराम घेत. लग्न हुकलं.

घरच्यांना कळल्यावर मामी एवढंच बोलल्या, "टकटक मी दर ऐतवारी ऐकत व्हते, नदीवरनं वर चढताना. मला वाटलं, पावण्यांनी मुद्दाम ठेवली आसंल."

दुरुस्ती पुस्तकाबाहेरचीच झाली. नवं हेड मिळणं शक्य नव्हतं. पुण्यात तांबट आळीतल्या एका कारागिराकडून तांब्याचा जाड पत्रा बरोबर मापाने कापून घेतला आणि दोन गॅस्केटांच्या मधे घातला. जेवढं घासलं होतं त्याहून थोडं जास्तच भरून निघालं. गाडी संथ झाली, पण टकटक गेली. कार्बोरेटर मामींनी लावले. या वेळी मी स्वतः नळी नेऊन दिली.

त्यानंतर मामांनी तिसरी गोष्ट केली, तीही घरात कुणाला न विचारता. किल्ली मामींपुढे ठेवली. "तुलाच कळतंय हिचं. तूच शिक."

मामींनी नकार दिला, चार दिवस. पाचव्या दिवशी मी खळ्यावर त्यांना शिकवू लागलो. नऊवारीचा काष्टा मारलेला, पायात काही नाही. गियर कधी बदलायचा हे मी सांगायच्या आत त्यांच्या कानाला कळायचं. खांबाला गाडी एकदाच लागली, आणि तो खांब माझ्या सांगण्यावरून लागला. लायसन्सचा विषय कुणी काढला नाही. पोलीस नदीच्या अलीकडे सहसा येत नसत, आणि आलाच तर त्याला दिसलेलं खरं वाटलं नसतं.

उन्हाळ्यात मामी स्वतः गाडी चालवत मोशीला माहेरी गेल्या. शेजारी मी, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. वेग एका चांगल्या बैलजोडीच्या दुप्पट असेल, जास्त नाही. त्यांचे थोरले भाऊ वेशीपाशी उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची तब्येत बरी न्हाई का?"

मामी म्हणाल्या, "त्यांची बरी हाय. गाडी माझी हाय."

भावाने बाजूला होऊन वाट दिली. त्या दिवशी मोशीतल्या सगळ्या बायका गाडीत बसल्या, एका वेळी एक, देवळापर्यंत जाऊन परत. मी पारावर बसून होतो. कुणीतरी मला चहा आणून दिला आणि विचारलं की तुम्ही काय करता. मी म्हणालो, पंप दुरुस्त करतो. संध्याकाळी परतताना मामींनी दिवे लागायच्या आत घरी पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पहिली शिफ्ट होती म्हणून मी न जेवताच पिंपरीला जायला सायकल काढली.