“तुम्ही ठरवा,” म्हणाली डॉक्टरीण

“इचारून राह्यली, आयकीनच असं नाही,” एवढं आधी सांगून मगच ती विचारायची. मेथी कधी टाकू, नातवाचं जावळ कुठं काढू, लोणच्यात मीठ किती घालू. सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन आपल्याच मनाचं करायची. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपल्याला राग येतो, पण पुढच्या वेळी आपण पुन्हा सांगायला बसतोच.

ती आणि मी दोघी मेडशीच्या, भिंतीला भिंत लागून घरं. अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारातही शेजारी बसायचो. माझे कांदे-लसूण, तिची मेथी आणि सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. गिऱ्हाईक नसलं की तिचे हात थांबत नसत. भाजीवर पाणी शिंपडायची, जुड्या उलट्या करायची, मग सुलट्या करायची. “त्या सांबाराले झोपू दे जरासं,” मी म्हणायची.

सत्तरी ओलांडल्यावर तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरचीच. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, तेवढीच काढली, काखेत पसरलं नव्हतं. टाके सुकल्यावर डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या रोज घ्यायच्याच आहेत, पण मशीनचा शेक, रेडिएशन म्हणतात तो, घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या वयाला आणि एवढ्या लहान गाठीला दोन्ही चालेल. शेक घ्यायचा म्हणजे काही आठवडे रोजचं अकोला.

येताना एसटीत तिनं हे बाजूला बसलेल्या बाईला सांगितलं. तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडे डॉक्टर ‘तुम्ही ठरवा’ कधी म्हणतो? हात टेकले की. माझ्या नवऱ्याच्या वेळी असंच म्हणाले होते, त्याला हवं ते खाऊ घाला, पुढचं तुम्ही ठरवा. आम्ही घरी आणला आणि तो गेला. त्यामुळं गावानं जो अर्थ काढायचा तो काढला. मीही तोच काढला.

लोक भेटायला येऊ लागले. कुणी दूध आणलं, कुणी शिरा. तिच्याशी अबोला धरलेली जाऊ येऊन पाया पडून गेली. इंझोरीहून भाऊ हिरवं लुगडं घेऊन आला आणि समोर बसून नुसता पाहत राहिला. “काय खावासं वाटते बाई तुले?” त्यानं विचारलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तो गेल्यावर ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“मले मरायले घरी धाडलं का वं त्या डाक्टरनीनं?”

“मले काय ठाव,” मी म्हणाले. गोड बोलणं मला जमत नाही.

मग तिनं दिसेल त्याला विचारायला सुरुवात केली. शेक घेऊ का नको? गिऱ्हाइकाला जुडी देताना विचारायची, कंडक्टरला तिकीट घेताना विचारायची. सून म्हणे घ्या, नाही तर लोक म्हणतील सुनेनं नेलं नाही. मुलगा म्हणे तुझं तू पाहा. मी म्हटलं, घेऊन टाक आणि मोकळी हो. ती मान हलवायची आणि उठून दुसऱ्याकडे जायची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ‘आयकीनच असं नाही’ हे ती म्हणेनाशी झाली होती. मी घाबरले ती तिच्या गाठीनं नाही, त्यानं.

शेवटी मीच तिला अकोल्याला घेऊन गेले. डॉक्टरणीसमोर ती खुर्चीच्या टोकाशी बसली.

“म्याडम, खरं सांगा. माह्यात काई राह्यलं नाही म्हनून सोडून देल्लं काय?”

डॉक्टरीण हसली, मग हिचं तोंड पाहून थांबली. “नाही मावशी. दोन्ही रस्ते बरे आहेत, म्हणून विचारलं.” मग तिनं नीट सांगितलं. शेक घेतला तर त्याच जागी गाठ परत येण्याचा धोका आणखी कमी होतो. नाही घेतला तर थोडा जास्त राहतो. तुमच्यासारख्यांचं आयुष्य त्यानं फारसं कमी-जास्त होत नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि तपासणी टाळायची नाही. “तुम्हाला भीती कशाची जास्त वाटते?”

“मले भेटाले येनाऱ्याईची.”

तिथंच तिचं ठरलं. गोळ्या खाईन, तपासायला येईन, शेक नको. मी चिडले. तिच्या जागी मी असते तर शेक घेतला असता, आजही असंच म्हणते. बाहेर आल्यावर मी विचारलं, “गाठ वापस आली तं?”

“तं पुन्हा काहाडतीन. तवा तुले नाई इचारत.”

भावाचं ते लुगडं तिनं पुढच्याच बाजाराला नेसलं आणि दुपारपर्यंत ओल्या मेथीच्या चिखलानं भरवून टाकलं. भेटायला येणारे हळूहळू थांबले.

गेल्या वर्षी छातीच्या फोटोत काही निघालं नाही. यंदाची तपासणी नेमकी बाजाराच्या दिवशी आली. तिच्या जागेवर एक टमाटेवाला टोपली ठेवायला लागला, त्याला मी उठवलं. नेहमीच्या एका गिऱ्हाइकानं हळूच विचारलं, बाई गेली का. “मेली नाही, तपासाले गेली,” मी म्हणाले. गिऱ्हाईक कांदे न घेताच निघून गेलं.

दुपारपर्यंत थेट बाजारात येते म्हणाली होती. दुपारची एसटी आली. तिच्यातून ती उतरली नाही. बाजार पांगला. मी कांद्याचं पोतं बांधलं. संध्याकाळची एसटी अजून यायची होती. पोतं पुन्हा सोडलं.