उन्हात बिथरणारा माउस

बपेरा गावचा प्रफुल्ल विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचा. तीन वर्षांपूर्वी तो खांबावरून पाठीवर पडला आणि कमरेखालचं शरीर गेलं ते कायमचं. तेव्हापासून समोरची खोली हेच त्याचं जग. एक पलंग, त्याला लावलेलं टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर आणि उजव्या हाताला खिडकी. गावातले लोक अर्ज भरून घ्यायला त्याच्याकडे यायचे. कोणी नसलं की तो खिडकीतून रस्ता बघत बसायचा.

या हिवाळ्यात त्याचा माउस बिघडला. सकाळी नऊनंतर पडद्यावरचा बाण थरथरायचा आणि एकदम कोपऱ्यात उडी घ्यायचा. दुपारी आपोआप ठीक व्हायचा. प्रफुल्लने माउसचं बूड पुसलं, खाली वही ठेवून पाहिली, स्क्रू खोलून आत अडकलेला केसही काढला. काही फरक पडला नाही. गावातल्या पुंडलिकरावांच्या मुलीचा, रिताचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बाण उडाला आणि भंडाऱ्याऐवजी भलताच जिल्हा निवडला गेला. रिताच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. पण पुढच्या कामाला पुंडलिकराव मुलीला घेऊन तालुक्याला, तुमसरला गेले. प्रफुल्लने त्यांना बसमध्ये चढताना पाहिलं.

मग दोन दिवस आभाळ भरून होतं आणि माउस मुकाट चालला. तिसऱ्या दिवशी ऊन पडताच बाण पुन्हा नाचायला लागला. तेव्हा त्याला उमगलं. माउसचं कवच पातळ, जवळजवळ आरपार दिसणारं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन खिडकीतून थेट त्यावर पडत होतं आणि आतला सेन्सर गोंधळत होता. पलंग फिरवायला खोलीत जागा नव्हती. त्याने बायकोला, अंजूला, खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

माउस सुधारला. पण आता सकाळीसुद्धा बल्ब लावावा लागे. बाहेरून आवाज यायचे, कोणाचे ते दिसायचं नाही. प्रफुल्ल जेवायचा कमी, बोलायचा त्याहून कमी.

"खिडकी उघडू का जराशी?" अंजूने एकदा विचारलं.

"मंग काम कसं करू?"

आठ-दहा दिवस असेच गेले. एका सकाळी त्याने आपली कामाची पिशवी मागितली. अपघातानंतर अंजूने ती धानाच्या कोठीमागे ठेवून दिली होती. त्या पिशवीचं नावही घरात कोणी काढत नसे.

"कायले पायजे तुमाले ते?"

"काळा टेप आहे त्यात."

तिने पिशवी पलंगावर आणून ठेवली. त्याने पकड काढली, टेस्टर काढला, मग हातमोजे. एका मोज्यावर त्या दिवसाची माती तशीच वाळलेली होती. त्याने तो मोजा बाजूला ठेवला. मग नखाने टेपचं टोक सोडवलं आणि माउसला सगळीकडून गुंडाळलं, फक्त बटणं आणि खालचं भोक तेवढं मोकळं ठेवलं.

"आता उघड."

तिने खिडकी उघडली. ऊन थेट त्याच्या हातावर पडलं. त्याने माउस हळूच सरकवला. बाण सरळ गेला आणि थांबवला तिथे थांबला.

अंजू पिशवी उचलायला आली, तर त्याने तिला जवळ बसायला सांगितलं. खांबावर त्या दिवशी पाय कसा सुटला, खाली येईपर्यंत काय काय दिसलं, पडल्यावर पाय हलत नाहीत हे केव्हा समजलं, हे त्याने तिला पहिल्यांदाच सांगितलं. आत चुलीवर भात लागल्याचा वास येत होता. ती उठली नाही.