मोरपिसाची ढाल

ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवलं की ते उगवायला आपला वेळ घेतं, त्याच्या डोक्यावर बसून काही उपयोग नसतो. जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींना त्यामुळे दुपारी डबा खाल्ल्यावर थोडी सवड मिळायची. त्या सवडीत कुणीतरी मोबाईलवरचा एक खेळ आणला आणि बघता बघता सगळी प्रयोगशाळा एका नसलेल्या राज्याची प्रजा झाली. मी आधी नाक मुरडलं. तिशीला टेकलेल्या बाईनं राजा-राणी खेळायचं म्हणजे अतीच झालं. पण सगळे माना खाली घालून बसलेले, गप्पा मारायला कुणी उरलं नाही, तेव्हा झक मारत मीही शिरले.

खेळात शिरताना पहिला प्रश्न, तुमचा मुलूख कोणता? नकाशावर बर्फाचे डोंगर होते, वाळवंट होतं, घनदाट रान होतं, काळ्या किल्ल्यांचा एक उदास प्रांत होता. बाकीचे सगळे किल्ल्यांवर तुटून पडले. मी नकाशा बोटांनी मोठा केला आणि नद्या शोधल्या. ज्या गावात नळाला पाणी येणार त्या दिवशी पाहुण्यांनाही 'आज नका येऊ' म्हणून कळवतात, त्या गावच्या बाईनं दुसरं काय शोधायचं? तीन नद्यांच्या मधला एक हिरवा तुकडा सापडला. सैन्य नाही, खजिना रिकामा, किल्ल्याचा पत्ता नाही. मी तो घेऊन टाकला आणि त्या निवडीचा मला अजून अभिमान आहे.

मग घराण्याचं निशाण निवडायचं. कोरी ढाल समोर आणि शेजारी चित्रांची रांग. सिंह, गरुड, लांडगा, आग ओकणारी पंखवाली जनावरं. सगळ्यांनी दात-नखं असलेलंच काहीतरी घेतलं. मी खाली खाली सरकवत गेले तर एका कोपऱ्यात मोराचं पीस दिसलं. आमच्या घराण्याचं देवक मोरपीस. लग्नाच्या आधी घराघरांत देवक बसवतात. कुणाची झाडाची डहाळी, कुणाचा वेल, कुणाचं पीस, ज्याचं त्याचं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. भावाच्या लग्नात ते पीस मांडवात मीच धरून आणलं होतं. ओळखीचं वाटलं म्हणून ढालीवर तेच लावलं, निळ्या रंगावर. लांडगेवाले मला बरेच दिवस हसत होते.

पुढं आमच्या प्रयोगशाळेत एक नवा सहकारी आला. बोलणं कमी, पण बोलला की खोचक. खेळात नव्या माणसाला दोन वाटा होत्या. रिकामा मुलूख घेऊन स्वतःचं निशाण उभारायचं, नाहीतर दुसऱ्याच्या मुलखात वस्तीला यायचं आणि त्याचीच ढाल मिरवायची. दुसरी वाट सहसा कुणी घेत नसे. हा पठ्ठ्या सगळे किल्ले सोडून माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"इतके किल्ले मोकळे पडलेत, माझ्याकडं काय ठेवलंय?" मी विचारलं.

"तुमच्याकडं पाणी हाय की," तो म्हणाला.

मी त्याला ठेवून घेतलं. पुढं आम्ही पूर आवरले, कालवे खणले, लांडगेवाल्यांचा एक हल्ला परतवला, आणि हे सगळं करताना डबेही एकत्र खाऊ लागलो. वर्षभरानं आम्ही लग्न करायचं ठरवलं. आडनावं वेगळी, जात एकच. ती एक निघाली हा काही आमचा पराक्रम नव्हता, पण त्यामुळे घरच्यांना हरकत घ्यायला जागा कमी राहिली हे खरं. माझ्या लग्नाचा विषय निघाला की आई देवापुढं बसायची आणि मी गच्चीवर जायचे, असं आमच्या घरात कित्येक वर्षं चाललं होतं. आता मीच नाव घेतल्यावर आईनं त्याला न बघताच पसंत केलं. प्रश्न अण्णांचा होता.

माझे वडील, म्हणजे अण्णा, कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नियमाचा माणूस. जेवताना ताटात मीठ कुठं वाढायचं याचाही त्यांच्याकडं नियम होता. "पोरगं घरी येऊ द्या, बघू," एवढंच ते म्हणाले आणि एका शनिवारी तो आला.

सगळं झकास झालं. त्यानं पोहे मागून घेतले. अण्णांनी शेतीचं विचारलं, त्यानं बराबर सांगितलं. त्यानं अण्णांच्या गुडघ्याचं विचारलं, तेव्हा तर ते खुललेच. त्याला सोडायला ते स्वतः दारापर्यंत गेले. हे भाग्य आमच्या घरात फार थोड्यांना मिळालंय. मी आणि आईनं स्वयंपाकघरात एकमेकींकडं बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

अण्णा परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. खुर्चीत बसले, चष्मा काढला.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले. "बिलकुल चांगलं हाय. पण हे लगीन न्हाई व्हायचं."

"का?" मी ओरडलेच.

"त्याच्या गाडीवर मोराचं पीस हाय. देवक एक हाय तुमचं. एका देवकाचे म्हंजे भाऊ-बहीण. त्यात लगीन न्हाई व्हत, माय."

घोडं कुठं पेंड खात होतं ते मला कळलं. त्यानं आमची ढाल जालन्यातल्या मस्तगडच्या एका रेडियमवाल्याकडून कापून घेतली होती आणि गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवली होती, निळी, चकचकीत, मध्ये मोरपीस. मला दाखवताना किती खूश होता तो! आणि मीही. आमच्याकडं गाडीवर लोक कुलदैवत लावतात, गावाचं नाव लावतात, आडनाव लावतात. ते बघून कुणी 'हे काय' म्हणून विचारत नाही. अण्णांनीही विचारलं नव्हतं. बघितलं आणि समजून घेतलं.

मी हसायलाच लागले. खेळ सांगितला, मुलूख सांगितला, नद्या, किल्ले, लांडगे, सगळं सांगितलं. अण्णा कचेरीत अर्जदाराचं ऐकायचे तसं ऐकत होते.

"कुळाची खूण कुणी आपल्या मनानं निवडतं का?" ते म्हणाले.

"खेळात निवडतात, अण्णा."

"मंग त्याची खरी कोणती?"

आता मात्र माझं हसू गेलं. कारण ते मला माहीत नव्हतं. मी फोन लावला तर त्यालाही माहीत नव्हतं. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, तो वाढला आजोळी. त्यानं आईला विचारलं, तर ती म्हणाली, पीस व्हतं का डहाळी व्हती, ध्यानात न्हाई बाबा. सांगू शकणारा माणूस एकच, केदारखेड्याचा चुलता, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"उद्या सकाळी जाऊन येतो," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. मग त्यानं विचारलं, "खरंच तेच निघालं तर?"

मोरपीस काही दुर्मीळ देवक नव्हे, किती तरी घरांचं असतं. मी स्वतः असलं काही मानत नव्हते, पण आमच्या घरात मी काय मानते याला कोण विचारतं? मला अण्णांचा भयंकर राग आला. "तेच निघालं तरी मी त्याच्याशीच लग्न करणार, तुम्ही येऊ नका," असं मी भर घरात म्हणाले. आई म्हणाली, "तोंड सांभाळ, बाप हाय तुझा." सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात अण्णा उठले, स्कूटरची किल्ली घेतली आणि भर दुपारी निघून गेले. दिवेलागणीला परत आले. कुठं गेला होता म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, "इथंच. हवा खायला." एवढ्या उन्हात हवा खायला गेलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, एकीचाही आकार धड नव्हता. फोन वाजला. तो कपाशीच्या शेतातून बोलत होता, मागं वारा होता.

"कळंब!" तो ओरडला. "कळंबाची डहाळी! काका म्हणतात, आपल्यात पहिल्यापासून कळंबच हाय. मी त्यांना दोनदा विचारलं."

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे अगदी खणकन आवाज येऊन पडला. मी ओट्याला टेकून तशीच खाली बसले, हाताला पीठ, फोन पिठात. आई धावत आली, तिला वाटलं वाईट बातमी आहे. मी नुसती "कळंब, कळंब" म्हणत होते. तीही माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. तव्यावरची पोळी जळाली, तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

अण्णांनी फोन मागून घेतला. चुलत्याशी ते स्वतः बोलले. गाव कोणतं, मूळ पुरुष कोणता, लग्नात डहाळी कोण आणतं, सगळी उलटतपासणी केली. "पक्कं ना? बिलकुल पक्कं?" मग फोन ठेवला, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि आईला म्हणाले, "वाढ जल्दी. काल दुपारपासून घास गोड लागला न्हाई." त्या दिवशी ते चार घास जास्त जेवले आणि माझ्या वेड्यावाकड्या पोळ्यांना त्यांनी चक्क नावं ठेवली नाहीत. जेवता जेवता मध्येच थांबून म्हणाले, "म्हंजे तुझ्या मुलखात तो ऱ्हायला आला, तुझीच ढाल घेतली. म्हंजे खेळात घरजावईच झाला की गं!" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. कालचा राग माझ्यात शोधून सापडेना. पुरणपोळी करू का म्हणून आई विचारत होती, काही कारण नसताना.

संध्याकाळी दारात मामा उभे. आईचा धाकटा भाऊ, पण आमच्याकडं येणं-जाणं बंद होतं. धाकट्या मावशीच्या लग्नात मामांनी अण्णांना आहेर म्हणून नुसतं टोपी-टॉवेल केलं, पूर्ण पोशाख केला नाही, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं होतं. कार्यात समोरासमोर आले तरी एक जण मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. ते मामा आत आले, पाणी प्यायले, आणि टोपी मांडीवर ठेवून अण्णांना म्हणाले,

"दाजी, घरात इचारलं. आमची तयारी हाय. पोरीला आमच्या देवकात घेतो. कन्यादान आम्ही दोघं करू, तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

आई आणि मी बघतच राहिलो. अण्णा घाईघाईनं म्हणाले, "त्याची गरज न्हाई पडली, पाहुणे. कळंब निघालं." पण आता मामा थांबेनात. त्यांनी आईकडं बघून सगळं सांगितलं. काल दुपारी दाजी भर उन्हात स्कूटरवर आल्ते. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राह्यले, आत या म्हणलं तर आधी काम सांगतो म्हणाले. एकाच देवकाची पोरं असली तर पूर्वी अशी वाट काढायचे. पोरीला मामाच्या घरात द्यायची, मामाचं देवक लावायचं, मग ती त्याची लेक. म्हणाले, माझ्या पोरीचं लगीन तुमची लेक म्हणून लावून द्या. हात जोडले हो त्यांनी मला.

अण्णा भिंतीकडं बघत होते, चोरी पकडल्यासारखे. आई पदरानं डोळे पुसत चहा ठेवायला गेली. काल ज्या माणसाला मी 'तुम्ही येऊ नका' म्हणाले होते, तो त्यानंतर उठून कुठं गेला होता ते मला आत्ता कळत होतं. मी अण्णांच्या खुर्चीपाशी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कन्यादानाला मामा-मामी पाटावर बसले असते," मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं असतं, अण्णा?"

"म्या?" ते म्हणाले. "म्या पंगतीत वाढलं असतं. कुणीतरी लागतंच की वाढायला."