रेघेचं अक्षर

बोर्ड लिहायला घेण्याआधी दुकानात आत जाऊन बघायचं, हा पेंटरचा नियम होता. खानावळीचा बोर्ड असेल तर तिथे जेवायचं, न्हाव्याचा असेल तर दाढी करून घ्यायची, शिंप्याचा असेल तर एखादी पँट शिवायला टाकायची. बायकांच्या पार्लरचं काम आलं तेव्हा त्याने बायकोला आत पाठवलं आणि ती परतल्यावर तिच्या भुवया बघून काम नाकारलं. "बाहेर माझं अक्षर आणि आत सगळा आनंदीआनंद, हे नाही चालायचं," तो म्हणायचा. गिऱ्हाइकं चिडायची, बायको कपाळावर हात मारायची. पण पेंटरच्या हातचा बोर्ड दिसला की त्या रस्त्यावर लोक बिनघोर आत शिरायचे, हेही खरं.

त्याची मुलगी लहानपणी इतकी काटकुळी होती की तो तिला रेघ म्हणायचा. शाळा सुटली की रेघ दुकानात येऊन बसायची. दुकान म्हणजे तरी काय, एक शटर, एक शिडी आणि टर्पेंटाइनचा वास. ती पत्र्याच्या तुकड्यावर अक्षरं काढायची आणि तो जाता जाता म्हणायचा, "काना वाकलाय." चांगलं म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नाही. पोरीने त्या एका शब्दासाठी जिवाचं रान केलं आणि बापाने तो दिला नाही. याला शिस्त म्हणायची पद्धत आहे.

मोठी झाल्यावर रेघेने एका खोलीत दोन टेबलं टाकली आणि फॉन्ट बनवायला लागली. पोटापाण्यासाठी तिने बरेच बनवले, पण एक तिने स्वतःसाठी काढला. काने उंच आणि ठसठशीत, शिरोरेघ केसासारखी बारीक, वेलांटीला असं वळण की मान वळवून बघावं. तो लहान आकारात चालायचाच नाही, बारीक रेघा दिसेनाशा व्हायच्या. मथळ्यांसाठी, पाट्यांसाठी, बाटल्यांवरच्या नावांसाठीच तो होता. त्याचं नाव तिने 'रेघ'च ठेवलं आणि पहिला छापलेला कागद बापाकडे नेला.

पेंटरने तो हातभर लांब धरून पाहिला. "कंबर फार बारीक झालीय," तो म्हणाला, "आणि नटलंयही जास्त." एवढं बोलून तो ब्रश धुवायला गेला. रेघ घरी जाऊन रडली, स्वतःची मुलं शाळेत जायला लागली होती तरी रडली.

बापाने नाक मुरडलं तरी बाजाराने फॉन्ट डोक्यावर घेतला. अत्तरवाल्यांनी घेतला, सराफांनी घेतला, मोठ्या हॉटेलांनी मेन्यूकार्डावर घेतला. स्वस्तातल्या साबणावर तो टाकला तरी साबण खानदानी वाटायचा. रेघ हे चारचौघांत हसत सांगायची. मग एका बिल्डरचं माहितीपत्रक तिच्या हाती आलं. दुधी रंगाचा जाड कागद, भोवती ऐसपैस जागा आणि मधोमध तिचं अक्षर. इतका देखणा वापर तिने आजवर पाहिला नव्हता. तिने त्याचा फोटो आपल्या वेबसाइटवर हौसेने लावला. हा बिल्डर कोण, कुठला, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. विचारायचं तरी कशाला? फॉन्ट कोणीही विकत घ्यावा, कोणीही वापरावा. त्यासाठी कोणाला शिडीवर चढावं लागत नाही.

तेच माहितीपत्रक पेंटरच्या रस्त्यावरही आलं. जुनी दुकानं पाडायची, नवी इमारत उठवायची, प्रत्येकाला खाली नवा गाळा द्यायचा. दुकानदार कां कूं करत होते. पेंटरने ते पत्रक एकदाच पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी सही केली. तो मुलखाचा चिकित्सक, त्यानेच केली म्हटल्यावर बाकीच्यांनी डोळे झाकून केल्या. दुकानं पडली. मग बिल्डरने सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली आणि गाशा गुंडाळला. आता तिथे पत्र्याच्या कुंपणाआड पाणी भरलेला खड्डा आहे. शेजारचा शिंपी घराच्या ओट्यावर मशीन घेऊन बसतो आणि पेंटर दिसला की मान खाली घालतो.

आईने फोनवर सगळं सांगितलं तशी रेघ तडक आली. आल्या आल्या बापावर बरसली.

"बाबा, सही करायच्या आधी मला एक फोन करता आला नाही?"

"तुला काय विचारायचं? तूच तर लिहिलं होतंस."

"मी काय लिहिलं होतं?"

पेंटर उठला. कपाटातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेलं ते पत्रक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. रेघेने आपलं अक्षर लगेच ओळखलं.

"हे मी नाही लिहिलं, बाबा. फॉन्ट माझा आहे, पण तो कोणीही घेऊ शकतं."

"कोणीही?"

"कोणीही."

"म्हणजे तू आत जाऊन बघत नाहीस."

आता जग कसं चालतं, फॉन्ट कसे विकले जातात, सगळं तिला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य या माणसासमोर बोलण्यासारखं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा रागही आला. इतका भाबडा विश्वास त्याला ठेवायला सांगितला होता कोणी?

पेंटरने चष्मा लावला, पत्रक पूर्वीसारखंच हातभर लांब धरलं आणि एकेक अक्षर न्याहाळलं. मग तो बोलला. बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मी म्हणालो होतो ना, कंबर बारीक झालीय? चुकलं माझं. फार सुंदर काढलंयस गं. इतकं सुंदर, की मीसुद्धा आत जाऊन बघितलं नाही."