बायनाबाईनं शिक्षा वाढवून आणली

राजुऱ्याकडच्या रानात बायनाबाईचे हात जितके चपळ, तितकीच जीभही. तेंदूपानाच्या हंगामात तिच्या बोलण्यावर हसत हसतच बाया पुडे बांधायच्या. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पानं मोजून घेता घेता ठेकेदाराच्या मुन्शीनं तिचा पदर ओढला, दंड धरला. बायनाबाईनं हातातला पुडा त्याच्या थोबाडावर हाणला आणि कॉलर धरून त्याला थेट पोलीस ठाण्यात नेलं. मागून सगळ्या बाया.

बाया साक्षीलाही आल्या. तालुक्याच्या कोर्टात मुन्शी दोषी ठरला. पण शिक्षा काय, तर थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं! मुन्शी बाकावर बसला, जांभया देत राहिला आणि संध्याकाळी घरी गेला.

“एवढी शिक्षा त मले एसटी रोज देते,” बायनाबाई म्हणाली, “स्टँडवर बसवून!”

“जाऊ दे नं आता,” नवरा देवाजी म्हणाला.

“तुह्या पदराले हात घातला का त्यानं?”

देवाजी चंद्रपूरच्या गाडीत जागा धरायला गेला.

चंद्रपूरच्या सरकारी वकिलांनी समजावलं, “बाई, शिक्षा कमी वाटली तर अपील सरकारनं करायचं असतं, तेही हायकोर्टात.”

“मंग सरकारले सांगा, बायनाबाईले कमी वाटून राह्यली.”

वकील हसले, पण कागद वर पाठवले. उत्तर येईना, तशी दर बाजाराच्या दिवशी बायनाबाई त्यांच्या दारात. शेवटी अपील दाखल झालं.

नागपूरच्या हायकोर्टातल्या तारखेला ती ठेवणीतलं लुगडं नेसून, देवाजीला घेऊन, वाटभर साक्ष घोकत गेली. तिला कोणी पुकारलंच नाही.

“मले काऊन नाई बोलवत?” तिनं तिथल्या सरकारी वकिलांना विचारलं.

“इथं साक्ष होत नाही, बाई. खालच्या कोर्टात दिलेली तुमची साक्षच न्यायाधीश वाचतात.”

“मंग जोरानं वाचा म्हना!”

मुन्शीचा वकील बराच वेळ बोलला. माणूस घरंदाज आहे, लेकरंबाळं आहेत, झाली तेवढी शिक्षा पुरे. न्यायाधीश इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि तो खाली बसला.

“काय म्हनलं?” बायनाबाईनं सरकारी वकिलांना विचारलं.

“म्हणाले, घर त्या बाईलाही आहे. राबणाऱ्या बाईची अब्रू दंड भरून फिटत नाही. सहा महिने सक्तमजुरी दिली.”

देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा पुढं केला.

“रडून नाई राह्यली,” ती डोळे पुसत म्हणाली. “नागपूरची धूळ हाये.”

पुढच्या हंगामात नवा मुन्शी आला. त्याच्या कानावर सगळं गेलेलं. तो चार हात लांबूनच मान उंच करकरून पुडे मोजायला लागला.

“इतक्या दुरून मोजशीन त कमी भरतीन नं,” बायनाबाई म्हणाली. “ये जवळ. चांगल्या मान्साले मी खात नाई.”