गजभिये मिस्त्रीची वीत

जुन्या गाडीचा पार्ट शोधायला निघालेल्या माणसाला पार्ट मिळत नाही, किस्सा मिळतो. तो घेऊन घरी यायचं, पुढच्या रविवारी पुन्हा निघायचं, की आणखी एक मिळतो. माझ्याकडे ते इतके साठलेत की गाडीच्या डिकीत मावणार नाहीत. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यात डॉक्टरेट घेतली, तेव्हा तपासून पाहिल्याशिवाय काही लिहू नये अशी सवय आहे. पण आता तपासायचं कुणाकडे? साक्षीदार बहुतेक गेले. जेवढं आठवतं तेवढं सांगतो. क्रम चुकला असेल, तर आधीच माफी मागून ठेवतो.

गाडी आमच्या प्राचार्यांची. नागपूर सोडून जाताना ते ती मला देऊन गेले. विलायती, काळी, महायुद्ध संपल्यावर लगेच बनलेली. बनवणारी कंपनी तिकडे केव्हाच बंद पडली होती. हे सगळं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं.

*

कॉटन मार्केटच्या मागे एका टिनाच्या शेडमध्ये गजभिये मिस्त्री बसायचे. लष्करी वर्कशॉपात तरुणपण घालवलेला माणूस. ते फक्त ब्रेकचंच काम करत. इंजिनाचं विचारलं की म्हणत, "चालवाले लय मिस्त्री हायेत. थांबवाले मी एकटा."

त्यांची एक पद्धत होती. ब्रेक बांधून झाला की शेडपुढच्या मोकळ्या जागेत चुन्याची रेघ ओढायची. रेघेपासून पाच पावलं मोजून स्वतः गाडीपुढे उभं राहायचं. मालकानं दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आणायची आणि रेघेवर आल्यावरच ब्रेक दाबायचा. गाडी थांबली की मिस्त्री वाकून बंपर आणि स्वतःचा गुडघा यांच्यामध्ये वीत टाकत. वीतभर अंतर राहिलं, तर काम पास.

"हातभर राहिलं त डायवर भ्याला. काहीच नाही राहिलं त मी भ्यालो. वीत म्हंजे बरोबर."

मी एकदा भीत भीत म्हटलं, "मिस्त्री, हे धोक्याचं नाही का?"

"ज्यानं बांधला त्यानं पुढं उभं राहावं, सर. मंग बांधताना हात घाई नाही करत."

*

तिथे येणाऱ्यांत माझ्यासारखाच जुन्या गाडीच्या नादी लागलेला एक मित्र होता, देव वकील. कोर्टात त्यांचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा. पण चुन्याची रेघ दिसली की त्यांना घाम फुटे. पहिल्या वेळी त्यांनी रेघेच्या वीस फूट अलीकडेच ब्रेक मारला!

मिस्त्री जागचे हलले नाहीत. तिथूनच ओरडले, "वकीलसाहेब, ही त नुसती तारीख झाली. निकाल काहून नाही देऊन राहिले?"

*

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, नाहीतर टाळली असती.

एका सकाळी ब्रेक ऑइलची टाकी कमी दिसली. घरात इंजिन ऑइलचा डबा होता. तेल ते तेल, असा विचार करून मी तेच ओतलं. खनिज तेलात साधं रबर फुगतं, मऊ पडतं, ही गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. ब्रेकच्या आत रबरी कप असतात, हेही मला माहीत होतं. पण फळ्यावरचं रबर आणि गाडीतलं रबर एकच, हे त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

चार दिवसांनी सेमिनरी हिलच्या उतारावर पाय थेट गाडीच्या तळाला टेकला. ब्रेक नव्हताच. मी गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. मला काही झालं नाही. शेजारी माझी बायको कुमुद बसली होती. तिच्या भुवईवर तीन टाके पडले.

ती मला एक शब्द बोलली नाही. टाके काढल्यावर एवढंच म्हणाली, "ब्रेक लागला की सांगा. तोवर मी रिक्षानं जाईन."

बोलली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी ब्रेक उघडला. फुगलेला, लिबलिबीत कप चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग मला विचारलं, "सर, तुम्ही कालेजात काय शिकवता?"

"रसायनशास्त्र."

त्यांनी कप उलटा करून पुन्हा उजेडात धरला.

"पोरं पास होतात?"

*

नवे कप आणायला मीच निघालो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घेतला, जुना कप तीनदा मोजला, सरासरी काढली, दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहिले आणि तो कागद सीताबर्डीच्या दुकानात दिला.

दुकानदारानं कागद उलटसुलट पाहिला. "प्रोफेसरसाब, इतना पढ़ा-लिखा नाप अपने पास नहीं है. पुराना माल दिखाओ."

पुराना माल मी कापून तपासायला बेंझिनमध्ये टाकला होता! हे सांगायची लाज वाटली. मग त्यानं त्या आकड्याच्या जवळचे, एक इंचाचे कप दिले.

ते बसेनात. मिस्त्रींनी एकदा माझ्या कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कप ज्यात बसतो त्या सिलिंडरमध्ये बोट घालून म्हणाले, "पाऊण इंचाच्या वर, एकाच्या खाली. सात सूत. तुमचा नाप चुकला नाही, सर. फुगलेली वस्तू मोजली तुम्ही."

*

सात सुती, म्हणजे इंचाला एक अष्टमांश कमी असे कप मिळाले, त्याच दुकानात. पण ब्रेक एका दाबात लागेना. सिलिंडरच्या आतच गंजाचे चर पडले होते. त्यातून तेल झिरपायचं. कप कितीही चांगले घाला, सिलिंडर बदलल्याशिवाय इलाज नव्हता, आणि ते बनवणारं या पृथ्वीवर कुणी उरलं नव्हतं. चार वेळा पॅडल मारलं की गाडी थांबे.

"लागला का?" कुमुदनं विचारलं.

"लागतो. चारदा दाबला की."

"मग रिक्षा बोलवा."

धंतोलीत एका लग्नाला आम्ही असे गेलो: पुढे सायकलरिक्षात ती, नऊवारीत, ताठ. मागे रिक्षाच्या चालीनं मी, रिकामी गाडी घेऊन. तिला एकटी जाऊ देणं बरं दिसेना, आणि गाडी घरी ठेवणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटे. लोक थांबून पाहत होते. शेवटी रिक्षावाल्याला राहवलं नाही. वळून म्हणाला, "साहेब, पेट्रोल संपलं काय? दोर हाय माझ्यापाशी, बांधू?"

कुमुदच्या खांद्यांवरून मला वाटलं, ती हसली. पण पाठीवरून काही खात्रीनं सांगता येत नाही.

*

वाडीला अमरावती रोडवर ट्रकांचे अड्डे. तिथला एक सरदारजी ड्रायव्हर कलकत्त्याच्या फेऱ्या करायचा. देव वकिलांनी त्याची ओळख काढली. कलकत्त्यात विलायती गाड्यांचं भंगार डोंगराएवढं आहे, असं सगळे सांगत. मी एक खराब सिलिंडर धुऊन, फडक्यात बांधून नमुना म्हणून त्याच्या हवाली केला.

दोन महिने मी त्याची वाट पाहिली. संशोधनाचे निबंध परदेशी पाठवले होते, त्यांच्या उत्तराचीसुद्धा इतकी नव्हती पाहिली. एके दिवशी निरोप आला, सरदारजी आलेत. वर्ग अर्धा सोडून वाडीला गेलो. त्यांनी सीटखालून फडकं काढलं. आत तोच सिलिंडर!

"बाबूजी," सरदारजी फार आपुलकीनं म्हणाले, "पूरा कलकत्ता दिखाया. एक दुकान नहीं छोड़ी. सबने एक ही बात कही, ये खराब है."

*

मग मिस्त्रींनाच कुणीतरी सांगितलं, सावनेरजवळ एका शेतात अशीच एक काळी गाडी पडून आहे. खाणीवरचा कुणी साहेब सोडून गेला होता. मी बसनं गेलो. गाडी खरंच तीच! टायर नव्हते, टपावर दोडक्याचा वेल चढला होता, पण चाकांमागचं सगळं जागच्या जागी होतं. मी पिशवीतून पाना काढला.

शेताच्या मालकीण, लक्ष्मीबाई, विळा घेऊन आल्या. मी ओळख सांगितली, काय पाहिजे ते सांगितलं.

"न्या ना भाऊ. मले काय करायचं लोखंडाचं? पन आज नाही."

"का हो?"

त्यांनी दाराच्या फुटक्या काचेतून आत बोट दाखवलं. पुढच्या सीटवर एक लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती. माझ्याकडे एका डोळ्यानं पाहत होती.

"ठोकाठोक केली त उठन ते. आज नववा दिस हाय. बारा दिसांनी या."

मी म्हटलं, कोंबडीला उचलून दुसरीकडे ठेवता येईल.

"तुमाले बसवलं असतं अन मंग उठवलं असतं त चाललं असतं काय?"

मी परत आलो. कुमुदला उशिराचं कारण सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "किती अंडी?"

"मोजली नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली. त्या व्हर्निअरची गोष्ट तिला कुणी सांगितली, कोण जाणे.

बाराव्या दिवशी नाही, तेराव्या दिवशी गेलो. चार सिलिंडर मिळाले. आतून आरशासारखे होते. लक्ष्मीबाईंनी वर दोडकी दिली.

*

मी सिलिंडर घेऊन शेडवर पोचलो तर कुलूप. गजभिये मिस्त्रींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या घरी गेलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा तर आधीच धूसर. पुढे कामाला कधी बसता येईल, हे डॉक्टरही सांगेनात.

मी म्हटलं, थांबतो. मिस्त्री म्हणाले, "थांबून थांबून गाडी सडन. तुमच्या अंगणात घ्या. मी बसून सांगतो, तुम्ही बांधा."

"मी?"

"हात नाही काय तुमाले?"

रविवारी सकाळी त्यांना रिक्षानं घरी आणलं. अंगणात कडुलिंबाखाली खुर्चीवर ते बसले आणि मी गाडीखाली गेलो. ते विचारत, मी सांगत होतो. प्रत्येक नट मी तीनदा तपासला. चौथ्यांदा तपासायला लागलो तसे म्हणाले, "आता सोडा त्याले. आटे जातीन." ब्रेकमधली हवा काढताना पॅडल मारायला तेच सीटवर बसले. "पायाले मोतिबिंदू नाही झाला," म्हणाले. तेलाचा डबा मी ओतण्याआधी त्यांनी मागून घेतला आणि वास घेतला. तो त्यांचा हक्क होता.

दुपार झाली. कुमुद चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यात उभी होती. केव्हापासून, ते मी पाहिलं नव्हतं.

"चुना आणा," मिस्त्री म्हणाले. मी रेघ ओढली. फाटकापासून तेवढी जागा होती. ते खुर्चीचा हात धरून उठले आणि चाचपडत रेघेपुढे पाच पावलं मोजू लागले.

"मिस्त्री, नको. तुम्हाला दिसत नाही."

"दिसत नाही म्हनूनच भेव नाही. चालवा."

"पण बांधलाय मी. तुमच्याच नियमानं पुढे मी उभं राहायला पाहिजे."

"अन गाडी कोन चालवन? मी?"

मी किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मनात एकेक नट पुन्हा तपासत होतो. एकही आठवेना.

तेवढ्यात ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. कुमुद पायऱ्या उतरून आली. तिनं मिस्त्रींचा दंड धरला, त्यांना परत खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. पदर खोचला. भुवईवरचा व्रण उन्हात पांढरा दिसत होता.

"आणा," ती म्हणाली.

मी फाटकाशी जाऊन गाडी सुरू केली. दुसरा गिअर टाकला. रेघेवर आल्यावर पाय दाबला. एकदाच.

मिस्त्री खुर्चीतून पुढे झुकले होते, पट्टी बांधलेला चेहरा आवाजाच्या दिशेनं करून.

"बाई, वीत टाका. किती राहिलं?"

कुमुद वाकली. बंपरला अंगठा लावला, पंजा ताणला आणि करंगळी गुडघ्याला टेकवली. मग सरळ उभी राहून तिनं हाताला लागलेली धूळ झटकली.

"तुमची वीत की माझी?" तिनं विचारलं.

आणि उत्तराची वाट न पाहता गाडीला वळसा घालून माझ्या शेजारचं दार उघडलं, आत बसली, दार ओढून घेतलं.

"सेमिनरी हिलवरून घ्या," ती म्हणाली.