हातांचे साचे

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. म्हणजे एक पत्र्याची शेड, शाडूची माती आणि बाबांनी स्वतः केलेले प्लास्टरचे साचे. मूर्तीचं अंग एका साच्यातून निघतं, हात वेगळ्या साच्यांतून काढून मग जोडतात. बाबा थकले तेव्हा त्यांनी वाटणी केली ती अशी: अंगाचे साचे मला, हातांचे धाकट्या भावाला. लोक हसले. बाबा म्हणाले, भांडतील, पण एकमेकांवाचून यांचा एकही गणपती पुरा व्हायचा नाही.

पहिला हंगाम तसाच गेला. मी घाईचा, भाऊ एकेक बोट कोरत बसणारा. हात मागायला गेलो की चारचौघांत म्हणायचा, "थांब की दादा, तुझे देव थोटे हायत, पळून नाय जाणार." सगळे हसायचे. मला ते लागायचं.

तो सासुरवाडीला गेला असताना मी त्याच्याच वाळलेल्या हातांवर प्लास्टर ओतलं आणि माझे साचे करून घेतले. हे बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. पुढच्या हंगामात त्याच्याकडे गेलोच नाही. त्यानं हात करून फळीवर मांडून ठेवले होते. ते तसेच राहिले, धूळ बसली. पुढे तो रोह्याला कंपनीत लागला आणि बायकोमुलं आणि हातांचे साचे घेऊन वरसे गावात राहायला गेला.

माती वाळताना आकसते. वाळलेल्या हातावरून घेतलेल्या साच्यातला हात सुकला की मूळ हातापेक्षा लहानच होतो. गिऱ्हाइकाला ते कळत नाही. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले असत. एकदा एका मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हात आखूड झाले रे." मी म्हटलं, माती ओली होती. त्यानंतर ते शेडकडे फिरकले नाहीत, आणि दोन पावसाळ्यांत गेले.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं स्पष्ट सांगितलं, मला हे जमणार नाही. तेव्हा वाटलं, सगळं भावाच्या हवाली करावं, त्याचा मुलगा तरी बसेल. गणपतीत वरशाला गेलो. मखरात माझ्याच कारखान्यातली मूर्ती.

मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "पोरानं रोह्याच्या दुकानातनं आणली. मी हातांवरून ओळखली, दादा. माझेच हात, पेणला असतानाच ओळखले होते."

मी खाली बघून त्याच्याकडच्या साच्यांचं विचारलं. घर बांधताना फोडून जोत्याच्या भरावात टाकले, म्हणाला. "तू मागायला येशील म्हणून लय दिवस ठेवले होते." त्याचा मुलगा कंपनीत शिफ्टला गेला होता. त्याला कारखाना द्यायचं मग मी काढलंच नाही.

भावजयीनं मोदक वाढले, ते खाल्ले. भाऊ आरतीला थांब म्हणाला. शेवटची गाडी आहे असं सांगून उठलो. गाडीला बराच वेळ होता.

या हंगामातही हात त्याच साच्यांतून काढतोय. दुसरे आता नाहीत.